एकाच जीपमधले दोघे
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



यंदा व्याख्यानमालेत एक दिवस तुम्ही बोला, असं सेक्रेटरींनी सुचवलं तेव्हा मी त्यांना विषय सांगितला, मॉर्मन धर्मग्रंथ आणि मेक्सिकोतलं उत्खनन. ते जरा थांबले आणि म्हणाले, "अहो, गणपतीत हे?" मी म्हटलं, एकदा ऐकून तर बघा. आज तुम्हालाही तेवढीच विनंती आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या रस्ते खात्यात लागलेला माणूस. पण जमीन खणणं हा आमचा रोजचा धंदा, त्यामुळे उत्खननावरची पुस्तकं हाती लागली की मी सोडत नाही. त्या वाचनात ही दोन माणसं भेटली. एक वकील, एक प्राध्यापक. दोघे एकाच धर्माचे, एकाच ग्रंथावर श्रद्धा असलेले, आणि १९५३ साली एकाच जीपमध्ये बसून एकाच शोधाला निघालेले. पुढे दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या. त्या का झाल्या, ते आज सांगायचं आहे.

आधी ग्रंथाबद्दल थोडं. अमेरिकेत १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ छापला गेला. तो प्रसिद्ध करणारा जोसेफ स्मिथ तेव्हा चोवीस वर्षांचा होता, शेतकऱ्याच्या घरातला. त्याचं म्हणणं असं की देवदूताने दाखवलेल्या टेकडीत त्याला सोन्याचे पत्रे मिळाले आणि दैवी साहाय्याने त्याने त्यांचा अनुवाद केला. ग्रंथात कथा आहे ती अशी. ख्रिस्ताच्या सुमारे सहाशे वर्षं आधी जेरुसलेममधून एक कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेत येतं. त्यांचे वंशज वाढतात, शहरं बांधतात, त्यांच्यात दोन तट पडतात. पुनरुत्थानानंतर ख्रिस्त त्यांना दर्शन देतो. शेवटी मोठं युद्ध होतं, एक पक्ष नष्ट होतो आणि त्यांचा इतिहास सोन्याच्या पत्र्यांवर लिहून पुरून ठेवला जातो. या ग्रंथाला मानणारे दीड कोटीहून अधिक लोक आज जगभर आहेत. त्यांचं मुख्य केंद्र अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रंथ सांगतो की हे सगळं जमिनीवर घडलं. शहरं होती, रस्ते होते, घोडे होते, गहू आणि सातू होता, पोलादाच्या तलवारी होत्या. मग हे सगळं जमिनीत कुठेतरी सापडायला हवं. साधा हिशेब आहे.

हाच हिशेब थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन यांनी केला. (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी यांचा काही संबंध नाही, तो फर्ग्युसन मुंबईचा गव्हर्नर.) आपले हे फर्ग्युसन १९१५ साली आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो गावी मॉर्मन घरात जन्मले. बर्कली विद्यापीठात शिकले, वकील झाले, काही काळ एफबीआयमध्येही होते. वकिलाला पुराव्याची भूक असते. ते म्हणत, ज्याची सत्यता जमिनीत तपासून बघता येईल असा धर्मग्रंथ आपल्याजवळ आहे, तर आपण तो तपासत का नाही? १९४६ मध्ये ते पहिल्यांदा मेक्सिकोला गेले. बरोबर होते विलार्ड मॅरियट, पुढे ज्यांच्या नावाची हॉटेलं जगभर झाली ते. मेक्सिकोतली पिरॅमिडं आणि कोरीव दगड पाहून फर्ग्युसन भारावून गेले. आपल्या ग्रंथातली शहरं ती हीच, असं त्यांना वाटलं.

नुसतं वाटून ते थांबले नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी 'न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन' ही संस्था उभी केली. पैसे गोळा केले, चर्चच्या वरिष्ठांना पटवलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अमेरिकेतल्या पुरातत्त्वातलं त्या काळचं सर्वांत वजनदार नाव, आल्फ्रेड किडर, त्यांनी संस्थेशी जोडून घेतलं. किडर मॉर्मन नव्हते. हार्वर्डचे गॉर्डन विली यांचाही पाठिंबा मिळाला. काम कसं चालायचं तेही ठरलं. उत्खनन शुद्ध पुरातत्त्वाचं असेल, मॉर्मन नसलेले तज्ज्ञही त्यात असतील, आणि अहवालात धर्मग्रंथाचा विषय येणार नाही. जे सापडेल ते लिहायचं.

आमच्या खात्याच्या भाषेत सांगतो. कुठलंही काम निघालं की आधी एस्टिमेट होतं. इतकं खोदकाम, इतका मुरूम, इतकं काँक्रीट. तो अंदाज असतो. काम सुरू झाल्यावर मात्र मेजरमेंट बुक, म्हणजे आमची एमबी, भरायची. एमबीत एस्टिमेटमधला आकडा उतरवून चालत नाही. टेप लावून जागेवर जे भरलं तेच लिहायचं. मुरूम लागेल असं एस्टिमेट म्हणत होतं आणि खाली लागला पाषाण, तर एमबीत पाषाणच. किडर यांनी फर्ग्युसनना नेमकं हेच घालून दिलं. तुमची श्रद्धा हे तुमचं एस्टिमेट, कुठे खणायचं ते त्यावरून ठरवा. एमबी मात्र वेगळी.

पहिला हंगाम १९५३ चा. पेद्रो आर्मियास या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात काम सुरू झालं. त्याच वर्षी फर्ग्युसन आणि त्यांच्या तुकडीतले एक तरुण जीप घेऊन शेजारच्या चियापास राज्यात पाहणीला निघाले. हे तरुण म्हणजे जॉन सोरेन्सन. फर्ग्युसन अडतीस वर्षांचे, सोरेन्सन एकोणतीसचे. सोरेन्सन यूटा राज्यातले. महायुद्धात त्यांनी हवामानशास्त्र शिकलं, नंतर धर्मप्रचारक म्हणून प्रशांत महासागरातल्या कुक बेटांवर राहिले, आणि मग पुरातत्त्वाकडे वळले. ग्रिहाल्वा नदीच्या खोऱ्यात दोघे खेडी, टेकाडं, शेतातली खापरं बघत फिरले आणि अनेक जुन्या वस्त्यांच्या जागा त्यांनी नोंदवल्या.

त्या खोऱ्यात संस्थेने पुढे जे काम केलं ते आजही नावाजलं जातं. चियापा दे कोर्सो इथे थरावर थर उलगडत दोन-अडीच हजार वर्षांच्या वस्तीचा क्रम लावला. तिथे सापडलेल्या एका तुटक्या शिलालेखावर इसवीसनपूर्व ३६ सालची तारीख आहे. मेक्सिकोच्या प्राचीन कालगणनेतल्या, आजवर वाचता आलेल्या सर्वांत जुन्या तारखांपैकी ती एक. पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या इसापा इथे कोरीव शिलांचं मोठं केंद्र होतं, तिथेही खणलं. मालपासो धरणाचं पाणी चढायच्या आत सान इसिद्रोसारख्या बुडणाऱ्या जागा घाईघाईने खणून नोंदवल्या. नागार्जुनसागर भरण्याआधी आपल्याकडे नागार्जुनकोंड्याला जे झालं, तसंच हे काम. चियापासच्या प्राचीन इतिहासावर लिहिणारा कुठलाही अभ्यासक, तो कुठल्याही धर्माचा असो, या संस्थेचे अहवाल उघडल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

पण फर्ग्युसन ज्याची वाट बघत होते ते काही येईना. दरवर्षी खापरं येत होती, थडगी येत होती, मूर्ती येत होत्या. घोडा येत नव्हता. घोडा अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाला होता आणि स्पॅनिश लोकांबरोबर परत आला, हे शास्त्रज्ञांचं म्हणणं हलत नव्हतं. गहू नाही, पोलाद नाही, हिब्रू अक्षर नाही.

याच काळात काही श्रद्धाळू अभ्यासक मात्र पुरावा सापडल्याचं सांगत होते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे वेल्स जेकमन यांनी इसापाच्या पाचव्या शिलेवरचं झाड म्हणजे ग्रंथातल्या लेहीच्या स्वप्नातला जीवनवृक्ष आहे, असं मांडलं. भक्तमंडळींत ते चित्र फार लोकप्रिय झालं. पुढे ते मत खोडून काढणाऱ्यांत जॉन क्लार्क होते. क्लार्क त्याच विद्यापीठाचे, त्याच धर्माचे, आणि फर्ग्युसन यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे प्रमुख. शिलेचं नवं, काटेकोर रेखाटन करून त्यांनी सांगितलं की ही कोरीवकला तिथल्याच लोकांच्या परंपरेतली आहे. घरच्या माणसाने घरच्यांना हे सांगणं सोपं नसतं.

फर्ग्युसन यांना शेवटचा धक्का मेक्सिकोतून बसला नाही. जोसेफ स्मिथ यांनी १८३५ मध्ये इजिप्तच्या ममींबरोबर काही पपायरस विकत घेतले होते. त्यातला मजकूर प्रेषित अब्राहमचा आहे असं सांगून त्यांनी त्याचं भाषांतर केलं, आणि तेही धर्मग्रंथांत गणलं जातं. ते पपायरस शिकागोच्या आगीत जळाले असं सगळे धरून चालले होते. १९६७ मध्ये त्यांतले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने चर्चला परत दिले. फर्ग्युसननी लगेच त्यांचे फोटो मिळवले आणि बर्कलीतल्या इजिप्तच्या लिपीतज्ज्ञांना दाखवले. उत्तर आलं की हे मृतांसोबत ठेवायचे अंत्यविधीचे मजकूर आहेत. त्यात अब्राहम नाही.

१९७५ मध्ये ग्रंथातल्या भूगोलावर एक लेखी परिसंवाद झाला. सोरेन्सन आणि आणखी एका अभ्यासकाच्या निबंधांना फर्ग्युसननी उत्तर लिहिलं. वकील जसा केस मांडतो तशी मांडणी. वनस्पती घ्या, प्राणी घ्या, धातू घ्या, लिपी घ्या. ग्रंथ काय म्हणतो, खणताना काय मिळालं. एकेका नावापुढे त्यांनी लिहिलं, पुरावा नाही. पुढे एका पत्रात त्यांनी म्हटलं की हा भूगोल नकाशावर कुठेच बसणार नाही, कारण तो काल्पनिक आहे.

पंचवीस वर्षं, पैसा, प्रतिष्ठा, सुट्ट्या, सगळं ज्या एका उत्तरासाठी घातलं ते उत्तर 'नाही' असं आलं, आणि त्यांनी ते आपल्या हाताने लिहिलं. मोठा समारंभ करून त्यांनी धर्म सोडला नाही. ते प्रार्थनेला जात राहिले, समाजात राहिले. हा समाज माणसाला चांगलं वळण लावतो, असं ते म्हणत. १९८३ साली टेनिस खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. शेवटपर्यंत त्यांची श्रद्धा होती असं त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. पत्रं वेगळं सांगतात. माणसाच्या मनात दोन्ही असू शकतं. घरात बायको-मुलांसमोर एक आणि रात्री टेबलावर बसून लिहिताना एक. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही.

आता जीपमधले दुसरे, सोरेन्सन. त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केली, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि उभं आयुष्य याच प्रश्नाला दिलं. १९८५ मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं, नव्वदी गाठता गाठता २०१३ मध्ये त्याहून मोठं. त्यांचं म्हणणं असं की आपण ग्रंथ चुकीचा वाचत आलो. ही कथा अख्ख्या अमेरिका खंडाची नाहीच. मेक्सिकोतल्या तेवान्तेपेकच्या चिंचोळ्या पट्ट्याभोवतालच्या काहीशे मैलांतली आहे. ते लोक तिथे एकटे नव्हते, आधीच राहणाऱ्या मोठ्या लोकवस्तीत मिसळले. घोडा म्हणजे घोडाच असं नाही, नव्या देशात आलेली माणसं अनोळखी जनावराला ओळखीचं नाव देतात. सातूच्या बाबतीत त्यांच्या बाजूने एक मुद्दाही निघाला. ॲरिझोनात स्थानिक जातीचा सातू लोक पिकवत होते, हे १९८३ मध्ये उघड झालं. पण मेक्सिकोतला गहू आणि घोडा तिथेच राहिला. त्यांच्या धर्माबाहेरच्या पुरातत्त्वज्ञांना हे सगळं पटलं नाही, पण त्यांच्या कष्टाबद्दल कुणी शंका घेतली नाही. २०२१ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

सोरेन्सन यांचा एक धागा थेट आपल्या राज्यात येतो. कोलंबसच्या आधीही माणसं महासागर ओलांडत होती, हे दाखवण्यासाठी कार्ल जोहानेसन या भूगोलतज्ज्ञाबरोबर त्यांनी वनस्पतींची मोठी यादी केली. त्यात एक पुरावा सोमनाथपूरचा. तिथल्या होयसळ मंदिरातल्या मूर्तींच्या हातात जे दाणेदार फळ आहे ते मक्याचं कणीस आहे, असं जोहानेसन यांचं मत. मका तर अमेरिकेचा. मग तेराव्या शतकात तो म्हैसूरजवळ आला कसा? पायक आणि सचान या भारतीय शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं की हा मका नाही, हे मुक्ताफळ आहे, मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ. आपला शिल्पी ते दागिन्यासारखं घडवतो. तुम्ही म्हैसूरला जाल तेव्हा सोमनाथपूरला जरूर जा आणि ते फळ जवळून बघा. कोऱ्या नजरेने बघणं किती अवघड असतं ते कळेल. मका ऐकून गेलात तर मका दिसेल, मुक्ताफळ ऐकून गेलात तर मुक्ताफळ.

मंडळी, या गोष्टीत मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच आहे. चियापासच्या त्या खोऱ्यात जुन्या काळी कोण राहत होतं? अभ्यासक सांगतात, सोके लोकांचे पूर्वज. सोके आजही तिथे आहेत, आपली भाषा बोलतात. ती पिरॅमिडं त्यांच्या आजोबा-पणजोबांनी माती वाहून उभी केली. जेरुसलेमहून आलेल्यांची पाटी तिथे लावली की त्यांचं नाव पुसलं जातं. खणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, तरीही पुसलं जातं. फर्ग्युसन यांच्या संस्थेने पाटी लावली नाही, एमबी भरली. म्हणून त्या लोकांचा इतिहास शिल्लक राहिला. २०१० मध्ये चियापा दे कोर्सोलाच सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं, जेडच्या अलंकारांसह. ते खणणाऱ्यांतही ही संस्था होती.

आपल्याकडे काय होतं? कुठलंही जुनं देऊळ दिसलं की ते पांडवकालीन, आणि एका रात्रीत बांधलेलं. एका गावाजवळ रस्ता रुंद करताना आमच्या कामावर एक कोरीव दगड निघाला. गाव गोळा झालं. पांडवांचा दगड म्हणून शेंदूर लावायची तयारी झाली. जवळच्या कॉलेजातल्या एका जाणत्या सरांनी येऊन पाहिलं. म्हणाले, हा वीरगळ आहे. खाली गाई आहेत बघा, मध्ये लढाई, वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. म्हणजे याच शिवारातला कुणीतरी माणूस गुरं वाचवताना मेला, आणि गावाने त्याच्यासाठी दगड उभा केला. एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्याच गावचा की हो." दगड देवळाच्या आवारात उभा केला. शेंदूर लागला नाही. हार मात्र पडतो.

आपण सीमाभागातली माणसं. दगड कुणाचा, हा वाद आपल्याला नवा नाही. आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची, जैनांची. वडगाव-माधवपूरला खणलं तेव्हा सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. त्या माणसांना आजच्या आपल्या वादांचा पत्ताही नव्हता. शिलालेख जुन्या कन्नडात असेल तर तो जुन्या कन्नडातला आहे, मराठीत असेल तर मराठीत आहे. त्यातला एकही दगड आपलं मराठीपण कमी करत नाही की वाढवत नाही. आपली भाषा आपण घरात बोलतो, मुलांना शिकवतो, दहा दिवस हा मांडव उभा करतो, म्हणून टिकते.

श्रद्धेचंही तसंच. समोर बाप्पा बसले आहेत. त्यांच्यापुढे हात जोडताना आपण कुणी उत्खननाचा अहवाल मागत नाही, आणि मागायची गरजही नाही. पण आपण स्वतःच जेव्हा म्हणतो की अमुक गोष्ट अमुक जागी खरोखर घडली, चला खणून दाखवतो, तेव्हा मातीचं उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवली पाहिजे. फर्ग्युसन यांनी ती ठेवली. सोरेन्सन यांनी शेवटपर्यंत प्रश्न सोडला नाही, हेही मी कमी मानत नाही. दोघांपैकी कोण बरोबर, याचा निवाडा मी करणार नाही, माझं मत तुमच्या लक्षात आलंच असेल. पण दोघांच्याही पश्चात निर्विवाद शिल्लक राहिलं ते मोजून, थराथराने लिहून ठेवलेलं काम.

इथे बसलेल्या तरुण मुला-मुलींना एक विनंती. आपल्या गावच्या शिवारात असे दगड अजून पडलेले आहेत, कुठे विहिरीच्या कठड्याला, कुठे धुण्याच्या जागी. सुट्टीच्या दिवशी जा, फोटो काढा, जागा लिहून ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा. नाव द्यायची घाई करू नका. आधी नीट मोजा.

 गणपती बाप्पा मोरया!